चूक ओळखा कोडवरून

म्हैसूर जिल्ह्यातलं बैलकुप्पे ही तिबेटी निर्वासितांची देशातली एक मोठी, जुनी वसाहत. तिचा पिनकोड ५७११०४. गावाचं नाव कन्नडमध्ये लिहा की मराठीत, हे सहा आकडे बदलत नाहीत. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आखली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. निरनिराळ्या भाषांतले पत्ते आणि एकाच नावाची अनेक गावं यांमुळे होणारा घोळ मिटवणं, हाच तिचा हेतू.

सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत असाच घोळ आजही होतो. प्रोग्रॅमला मुद्दाम अस्तित्वात नसलेली फाइल उघडायला लावतात आणि तो नेमकी तीच चूक दाखवतो का, हे तपासतात. त्यासाठी कित्येक चाचण्या ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हे शब्द शोधतात. संगणक मराठीत चालत असेल आणि संदेशाचं भाषांतर झालेलं असेल, तर ते शब्द सापडत नाहीत. प्रोग्रॅम बरोबर, तरी चाचणी नापास.

खरं तर लिनक्समध्ये या चुकीचा क्रमांक ठरलेला आहे: २. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, जिथे पुनरावृत्ती चालत नाही तिथे तीच नोंद पुन्हा भरली, की २३५०५ हा कोड मिळतो, मग संदेश कोणत्याही भाषेत असो. आर या प्रोग्रॅमिंग भाषेत पॅकेज लिहिणाऱ्यालाही प्रत्येक चुकीला स्वतःचा वर्ग देता येतो. चाचणीने पाहायचं ते हेच.

चाचणीपुरती भाषा इंग्रजी करून ठेवणं ही सोपी वाट. तिने चाचण्या पास होतात, पण भाषांतर तपासायचं राहून जातं. संदेशात फाइलचं नाव जिथे भरायचं, ती खूण भाषांतरात गळली तर कोणती फाइल सापडली नाही, हे वापरणाऱ्याला कळतच नाही. संदेशांच्या भाषांतरासाठीच्या गेटटेक्स्ट या साधनसंचातलं एमएसजीएफएमटी ही गळती पकडू शकतं. लिपीमुळेही चुका होतात: तिबेटीत अक्षरगटांमध्ये मोकळी जागा नसते, ‘त्सेग’ नावाचा ठिपका असतो; मोकळ्या जागेवर ओळ तोडणारा प्रोग्रॅम तिथे चुकतो. इंग्रजीतल्या चाचणीत हे दिसणार नाही.

लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीमध्ये मराठीसाठी ‘एमआर_आयएन’ आणि भारतातल्या तिबेटीसाठी ‘बीओ_आयएन’ या भाषा-प्रदेशाच्या मांडण्या (लोकॅल) आहेत. पॅकेज लिहिणाऱ्यांनो, चूक कोडवरून ओळखा आणि तीच चाचणी या दोन्ही भाषांत पुन्हा चालवा. आपल्या भाषेत संगणक वापरणाऱ्याला तपासलेलं सॉफ्टवेअर मिळणं, हा त्याचा हक्क आहे.