'वारं' नव्हे, अडलेले रक्त

कोरेगावातून पुसेगावच्या बाजूला निघाले की पुढे खटाव तालुक्यातले कटगुण आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे हे मूळ गाव. जोतीरावांची मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, आसूड हे सगळे आपण जयंतीच्या भाषणांत दरवर्षी ऐकतो. त्यांच्या शेवटच्या अडीच वर्षांबद्दल मात्र कमी बोलले जाते. ११ मे १८८८ रोजी मुंबईत त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. उजव्या हाताने लिहिणे संपले. तेव्हा ते डाव्या हाताने लिहायला शिकले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी त्या हाताने लिहून पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक १८९१ मध्ये छापून बाहेर आले.

असा झटका आला की आपल्या वस्तीत म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' कुणी म्हणतो बाहेरची बाधा. कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो, कुणी लांबच्या गावच्या तेलवाल्याचा पत्ता देतो. या आजारात वाऱ्याचा काही संबंध नाही. संबंध आहे तो हृदयाचा, रक्तवाहिन्यांचा आणि मेंदूचा. ते कसे, हे एकदा नीट समजून घेऊ.

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा स्नायूचा पंप. शेतात पंपावर काम केलेल्यांना तो लगेच कळेल. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली परत येऊ देत नाही. हृदयात अशा चार झडपा आहेत. डॉक्टर छातीला नळी लावून जो 'लब-डब' आवाज ऐकतात, तो या झडपा मिटण्याचा. पंप एकच दिसला तरी कामे दोन. उजवा भाग अंगभर फिरून आलेले रक्त फुप्फुसांकडे ढकलतो, तिथे त्यात प्राणवायू मिसळतो. डावा भाग ते ताजे रक्त डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत पाठवतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते आणि शांत बसलेल्या माणसाचे हृदय एका मिनिटात जवळपास तेवढेच रक्त फिरवते. मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख. मोटारीला भारनियमनात तरी विश्रांती मिळते!

या रक्तातला मोठा वाटा मेंदू घेतो. वजनाने तो शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढा, पण रक्त घेतो सहाव्या हिश्श्याच्या आसपास. आणि साठवून काहीच ठेवत नाही. म्हणून मेंदूची एखादी नळी बंद पडली की काही मिनिटांतच त्या भागातल्या पेशी मरू लागतात. नळी बंद पडते ती रक्ताच्या गुठळीने. ही गुठळी कधी मानेच्या किंवा मेंदूच्या नळीतच तयार होते, तर कधी ठोके अनियमित पडणाऱ्या हृदयात तयार होऊन रक्ताबरोबर वर जाते. दुसरा प्रकार म्हणजे नळी फुटून मेंदूत रक्तस्राव होणे. डाव्या मेंदूतून निघालेल्या नसा खाली येताना उजवीकडे वळतात, म्हणून डाव्या मेंदूत बिघाड झाला की उजवा हात-पाय जातो. जोतीरावांची उजवी बाजू गेली ती अशी.

त्यांना नेमके काय झाले होते, गुठळी की रक्तस्राव, हे त्या काळी कोणताही डॉक्टर डोकावून पाहू शकत नव्हता. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीत १८९६ मध्ये निघाले, जोतीराव गेल्यानंतर सहा वर्षांनी. मेंदूचा सीटी स्कॅन पहिल्यांदा माणसावर झाला तो १९७१ मध्ये. आज दोन्ही आहेत. तरीही आपल्यातल्या कितीतरी जणांच्या दंडाला तो पट्टा कधीच लागलेला नसतो, ही गोष्ट मला जास्त खटकते.

पट्ट्याचे दोन आकडे असतात. वरचा आकडा हृदय आवळते तेव्हाचा दाब, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याच्या वर येत असेल, तर तो वाढलेला रक्तदाब. पाइपात सतत जादा दाब राहिला की जोड सुटतात, कुठेतरी पाइप फाटतो. रक्तवाहिन्यांचेही तसेच, शिवाय आतून खरबरीत झालेल्या नळीत चरबी आणि गुठळी पटकन धरते. दुखत मात्र काहीच नाही. 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या माणसालाच झटका येतो तो यामुळे. मधुमेह असेल तर नळ्या आणखी लवकर खराब होतात. बाबासाहेबांना त्या आजाराने किती छळले हे आपल्याला ठाऊक आहे. तंबाखू आणि विडी रक्तवाहिन्या आवळतात. बायकांची मिश्रीही तंबाखूच आहे, तिला दात घासण्याच्या पावडरीत धरू नका.

आता झटक्याच्या वेळेचे. चेहऱ्याची एक बाजू ओघळली, दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर एक खाली येऊ लागला, बोलणे अडखळले किंवा अर्थ लागेना, यातले एक जरी अचानक झाले तरी घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन लावा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ डॉक्टर सर्वात आधी विचारतात. कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही हे पाहिल्यावरच. प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय कोरेगावातून गाडीने तासाभराच्या आत येते. सकाळी आलेला झटका 'संध्याकाळपर्यंत बघू' म्हणत काढला, तर ते साडेचार तास घरातच संपतात. १०८ च्या डॉक्टरांना 'सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे मिळेल?' असे सरळ विचारा. रुग्णाला पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. गिळता येत नसेल तर घास श्वासनलिकेत जातो. ॲस्पिरिनही स्वतःहून देऊ नका. रक्तस्राव असेल तर तिने नुकसान होते. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली राज्याची आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, नसतील तर मागून कुणाला तरी आणायला पाठवा. कागदांसाठी गाडी थांबवू नका.

लुळा पडलेला हात कायमचा गेला, असे पहिल्याच आठवड्यात ठरवू नये. मेंदूचा शाबूत भाग मेलेल्या भागाचे थोडे काम शिकून घेऊ शकतो. पण त्याला रोज तेच तेच करून शिकवावे लागते. पहिल्या काही महिन्यांत ही शिकवणी सर्वात जास्त लागू पडते. फिजिओथेरपिस्टने दाखवलेला व्यायाम घरच्या माणसांनी सकाळ-संध्याकाळ करून घ्यावा. दुखतो म्हणून हात गळ्यात बांधून ठेवला तर तो आखडतो.

रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर 'आता बरं वाटतंय' म्हणून ती सोडू नये. बरे वाटते ते गोळीमुळे. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजावा. विहारात रविवारी वंदनेला सगळे जमतातच. उपकेंद्रातल्या नर्सताईंना आधी सांगितले, तर तासाभरात चाळीस-पन्नास माणसांचे आकडे वहीत उतरतील. वहीत नाव, तारीख, दोन आकडे आणि गोळी चालू आहे की नाही, एवढे रकाने पुरतात.