फोड येण्याआधीच थांबा

स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी एक जुनी यात्रावाट फ्रान्सच्या ल प्वी गावातून निघते. पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापर्यंतच ती सुमारे ७५० किलोमीटर भरते. चालायला महिना लागतो. दम टिकतो, पण घोडं अडतं ते पायाच्या फोडांवर. सुरुवातीलाच आलिए नदीच्या दरीत उतरणारा तीव्र उतार आहे. तिथे पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं दाबली जातात.

फोड वरवरच्या घासण्याने येतो, असं वाटतं. प्रत्यक्षात आतलं हाड पुढे सरकतं आणि मोज्याला चिकटलेली त्वचा मागे राहते. या ओढाताणीत त्वचेचे थर सुटतात, पोकळीत पाणी भरतं. घामाने ओली त्वचा तर अधिकच चिकटते. म्हणून टाचेला चटका जाणवला की, सोबती कितीही पुढे जावोत, बूट काढा. पाय कोरडा करून चिकटपट्टी लावा, मोजे बदला. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका. तिच्याइतकी चांगली मलमपट्टी नाही. मधुमेह असलेल्यांनी फोडाला सुई लावूच नये, डॉक्टरांना दाखवावं. नवे बूट घ्यायचेच असतील तर निघण्याच्या महिनाभर आधी घ्या आणि रोज वापरा.