उंदरांनी गोड पाणी का सोडलं?

कारंजा, मानोरा, रिसोडकडचे कर्करोगाचे रुग्ण शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला अकोल्याला, नागपूरला, नाहीतर थेट मुंबईला टाटा रुग्णालयात जातात. परत आलेला माणूस जन्मभर मिटक्या मारत खाल्लेल्या वांग्याच्या भाजीचं ताट बाजूला सारतो. घरातले काकुळतीनं म्हणतात, "नखरे नका करू, दोन घास तरी खा." पण हे नखरे नव्हेत. यामागचं कारण उंदरांवरच्या एका जुन्या प्रयोगात दिसतं.

1955 साली जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजलं आणि ते पीत असतानाच त्यांच्यावर गॅमा किरण सोडले. मात्रा सौम्य होती. उंदरांना गोड फार प्रिय, तरीही पुढं त्यांनी ते पाणी टाळलं. ही नावड महिनाभर टिकली.

पोटापर्यंत पोचलेल्या किरणांनी आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दुखावतात आणि सेरोटोनिन बाहेर टाकतात. हे रसायन आपण मेंदूचं समजतो, पण शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन असतं आतड्यातच. ते व्हेगस मज्जातंतूला डिवचतं आणि मळमळीचा निरोप मेंदूच्या देठाशी जातो. तिथं 'एरिया पोस्ट्रेमा' नावाचा इवलासा भाग रक्तातल्या विषावर पहारा ठेवतो. हा भाग काढून टाकलेल्या उंदरांना किरण दिले, तर चवीची नावड जडत नाही. एरवी मेंदू मळमळीचा दोष नुकत्याच चाखलेल्या चवीवर ठेवतो. रानात विषारी दाण्यापासून जीव वाचवणारी ही शहाणीव आहे. किरणांचं यंत्र तिला कुठून ठाऊक असणार?

माणसाचंही तसंच. 1978 मध्ये आयलीन बर्नस्टीन यांनी केमोथेरपीआधी मुलांना वेगळ्या चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर मुलांनी तेच नाकारलं. पुढच्या एका प्रयोगात जेवण आणि औषध यांच्या मध्ये अनोळखी चवीची गोळी चघळायला दिली. नावडीचा बराचसा भार त्या गोळीनं उचलला आणि जेवण वाचलं. मला हा प्रयोग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

पोटावर शेक असेल तर मळमळ जास्त होते. त्यावरची ऑन्डान्सेट्रॉनची गोळी सेरोटोनिनचाच निरोप अडवते. डॉक्टरांनी शेकाआधी घ्यायला सांगितली असेल तर ती चुकवू नका. आणि शेकाच्या दिवशी रुग्णाच्या सगळ्यांत आवडीचा पदार्थ डब्यात देऊ नका. तो बरं वाटेल त्या दिवसासाठी राखून ठेवा.