‘जागा शिल्लक नाही’ : एका संदेशाचे तीन अर्थ

लिनक्स सर्व्हरवर ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येताच अभ्यासक घाईने जुन्या फाईली पुसू लागतो. ध्वनिमुद्रित बोलीनमुन्यांसारखी पुन्हा न मिळणारी सामग्री अशा वेळीच नष्ट होण्याचा संभव असतो. वस्तुतः या एकाच संदेशामागे किमान तीन भिन्न कारणे असू शकतात. म्हणून आधी निदान करावे, मगच पुसावे.

पहिले कारण उघड आहे : डिस्क खरोखरच भरलेली असते. ‘डीएफ’ ही आज्ञा एकूण व्यापलेली जागा सांगते, तर ‘डीयू’ ही ती कोणत्या निर्देशिकेने व्यापली ते दाखविते. बहुधा वाढत गेलेल्या लॉग-फाईली सापडतात.

दुसरे कारण आयनोडांचे. प्रत्येक फाईलीस आयनोड नावाची एक नोंद लागते. ‘ईएक्सटी-४’ पद्धतीत त्यांची संख्या आरंभीच ठरते. सामान्यतः दर १६ किलोबाइटांस एक. शब्दसंग्रहातील प्रत्येक नोंद स्वतंत्र फाईलीत ठेवल्यास जागा असूनही आयनोड संपतात. ‘डीएफ’ला ‘आय’ हा पर्याय जोडला असता हे कळते. अशा फाईली एकत्र बांधून ठेवाव्यात.

तिसरे कारण सूक्ष्म आहे. येथे ‘डीएफ’ व ‘डीयू’ यांचे आकडे जुळत नाहीत. फाईल पुसणे म्हणजे निर्देशिकेतील तिचे नाव खोडणे होय. एखाद्या चालू प्रोग्रामने ती उघडून धरली असेल, तर नाव गेले तरी मजकूर जागा व्यापूनच राहतो. ‘डीयू’ नावांच्या अनुरोधाने मोजते. तिला तो दिसत नाही. ‘एलएसओएफ’ या आज्ञेने तो प्रोग्राम शोधून पुन्हा सुरू केला, की जागा मोकळी होते.

नाम आणि नामी यांतील भेद भाषाभ्यासकास नवा नाही. येथे तो व्यवहारातही उपयोगी पडतो.