गाळा घेताय? आधी पालिकेची नोटीस शोधा

भाड्यासाठी गाळा घेण्यावरच्या व्हिडिओत एक मुद्दा राहून गेला. तो इथे लिहितो, कारण पैसे तिथेच अडकतात.

आपल्या बॅचमधला एक मित्र पुण्यात गाळा घ्यायला निघाला होता. आईची एफडी मोडून. वकिलाचा सर्च रिपोर्ट स्वच्छ, इंडेक्स टू बरोबर, भाडेकरूही तयार. विसार देणार, तेवढ्यात मी म्हटलं, पोटमाळा मंजूर नकाशात आहे का बघ. नव्हता! क्षेत्रीय कार्यालयात विचारलं, तर एमआरटीपी कायद्याच्या कलम 53 ची नोटीस निघालेली. मालक म्हणतो, "अहो, जुनी आहे ती, कोणी येत नाही."

सर्च रिपोर्टमध्ये नोंदणी झालेले दस्त दिसतात. पालिकेची नोटीस ही काही नोंदणीचा दस्त नाही, मग वकिलाला दिसणार कुठून? आणि मालक बदलला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. हातोडा पडेल तेव्हा गाळा तुमच्या नावावर असेल.

म्हणून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा, टेप घेऊन स्वतः मोजा. करपावतीवर अनधिकृत बांधकामाची शास्ती लागलीय का बघा. शास्ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं, असं मात्र नाही. तोंडी उत्तरावर जाऊ नका, माहिती अधिकारात अर्ज टाका. 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. घाई करणाऱ्या मालकाला हे 30 दिवस फार जड जातात, तेही बघण्यासारखं असतं.

नोटीस सापडली म्हणून सौदा मोडायलाच हवा असं नाही. (इमारतच धोकादायक ठरवलेली असेल, तर मी दुरूनच नमस्कार करतो.) बांधकाम नियमात बसत असेल तर आर्किटेक्टमार्फत ते नियमित करायचा अर्ज करता येतो. मित्राचा पोटमाळा बसत नव्हता. मग त्याने पोटमाळा सोडून भाडं किती येईल ते धरलं आणि त्यावर भाव काढला. साठेखतात अट घातली: मालकाने स्वखर्चाने पोटमाळा काढायचा, नोटीस निकाली निघाल्याचं पालिकेचं पत्र आणायचं, तोवर 4 लाख मागे राहणार.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याने मोठा दोष सांगायलाच हवा. पण साध्या चौकशीत कळला असता असा दोष त्यात येत नाही. त्यामुळे "मला सांगितलं नाही" हे रडगाणं कोर्टात टिकेलच असं नाही.

मालकाने आधी नाक मुरडलं. दोन महिन्यांनी पत्र घेऊन आला.