ज्येष्ठ निवासात जाण्यापूर्वी: भांडी, दप्तर आणि कागद

पुण्यातील तीन-चार खोल्यांचे बिऱ्हाड ज्येष्ठ निवासाच्या, म्हणजे वृद्धांसाठी सेवासुविधांसह बांधलेल्या संकुलाच्या, एका खोलीत नेताना फर्निचरची चिंता आधी केली जाते. वास्तविक नव्या खोलीचे माप घेतले की तो प्रश्न बहुधा सुटतो. पितळी-तांब्याची भांडी मोडीच्या भावाने जातात, आणि भावना वगळता त्यात फारसे गैर नाही.

खरी कसोटी जुन्या दप्तराची असते, कारण मोडी लिपीतील कागद रद्दीत गेले की कायमचे जातात. असे कागद आढळल्यास 1910 मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे आधी विचारणा करणे इष्ट ठरते. मुले परदेशी असल्यास आणखी एक अडचण उद्भवते: 1972 च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक वा ऐतिहासिक वस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी मौलिक हस्तलिखिते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत; म्हणून पणजोबांची पोथी लेकीच्या सामानात ठेवण्यापूर्वी तिचे वय तपासावे.

मृत्युपत्र, खरेदीखत आणि कागदी शेअर यांची फाइल मात्र ट्रकमध्ये चढवू नये, ती हातातच ठेवावी.