असं का? : अतिनील दिवा आणि क्लोरीनची उपउत्पादने

पावसाळ्यात जळगावच्या वाघूर धरणात आणि तापी नदीत माती, पालापाचोळा वाहून येतो. पाण्यात विरघळलेल्या अशा सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरोफॉर्मसारखी संयुगे उपउत्पादने म्हणून अल्प प्रमाणात तयार होतात. रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी १९७४ साली हे दाखवून दिले. घरच्या जलशुद्धीकरण यंत्रातला अतिनील दिवा ही संयुगेही नष्ट करतो, असा समज आहे. तो बरोबर नाही. अतिनील किरण जंतूंच्या डीएनएत बिघाड करतात, त्यामुळे जंतूंची वाढ खुंटते. क्लोरोफॉर्मचा रेणू मात्र ते किरण फारसे शोषतच नाही, म्हणून तुटतही नाही. त्याला अडवायला सक्रिय कोळशाची गाळणी लागते.

मग दिव्याचा उपयोग काय? शुद्धीकरण केंद्रात जंतुनाशाचे बरेचसे काम किरणांनी केले, तर क्लोरीन कमी लागतो आणि उपउत्पादनेही घटतात. पण म्हणून क्लोरीन बंद करता येत नाही. किरणांचा प्रभाव दिव्यापाशीच संपतो. जळगाव-धुळ्यात पाणी काही दिवसांआड येते. रिकाम्या जलवाहिनीत बाहेरची घाण शिरू शकते, घरी पाणी टाकीत साठून राहते. तिथे केळीच्या बागेतल्या राखणदारासारखा शिल्लक क्लोरीनच पाण्यासोबत असतो. भारतीय मानकही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन मागते. उपउत्पादनांचा धोका निर्जंतुक न केलेल्या पाण्याच्या धोक्यापुढे फार लहान आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खरा उपाय क्रमाचा आहे: आधी तुरटी आणि गाळणीने सेंद्रिय पदार्थ काढावेत, मगच क्लोरीन द्यावा.